दर दोन तासांनी कूस

रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. आत्याच्या मोबाइलमध्ये हे पाच गजर कायमचे लावलेले आहेत. गजर वाजला की ती उठते आणि मामांची कूस बदलते. (आमच्या नगरकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आत्याच्या तोंडी ते अजून बसलेलं नाही.) डावी कूस, पाठ, उजवी कूस, पुन्हा पाठ. तीन वर्षांपूर्वी मामांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही गेलं. नाकात नळी आहे, तिच्यातून पेज, दूध, डाळीचं पाणी. पण तीन वर्षांत अंगावर एकही बेडसोअर नाही. भेटायला येणारे म्हणतात, देवाची कृपा. आत्या म्हणते, "आणि घड्याळाची."

रात्री आत्याच्या मदतीला येणारी बाई भाचीच्या लग्नाला गावी गेली, म्हणून मी पुण्याहून चार रात्रींसाठी गेलो होतो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. चर्चला जाणं सुटून वीसेक वर्षं झाली. भांडण वगैरे काही झालं नाही, केस विरळ होत जावेत तसं ते झालं. आत्या एकतीस वर्षं नर्स होती, आणि चर्चच्या मंडळीत अजून तिचा शब्द चालतो. चर्च सुटल्याबद्दल तिनं मला कधी छेडलं नाही. मीच छेडलं, तिसऱ्या रात्री. त्याला निमित्त झालं दुपारच्या पाहुण्यांचं.

हे गृहस्थ प्रार्थनेनं आजार बरे करायच्या चंगाई सभा घेतात. ओळखीतून ओळख काढून आले होते. मोठ्यानं प्रार्थना केली, मामांच्या कपाळाला तेल लावलं आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, ताई, घरात एखादं कबूल न केलेलं पाप असलं की चंगाई अडते. मी उठणारच होतो. आत्यानं घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. "भाऊ, आलाच आहात तर त्या बाजूनं चादर धरा," ती म्हणाली. त्यांनी धरली. मामांना कुशीवर घेतलं तेव्हा खालचा कपडा ओला निघाला, आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीला जे लागायचं ते लागलं. चहाला थांबले नाहीत.

रात्री दहाची कूस झाल्यावर मी विचारलं, "तुला त्यांचा राग नाही आला?"

"चादर धरायची पद्धत चुकीची होती त्यांची," आत्या म्हणाली. "कड गुंडाळून मूठ अंगाजवळ धरायची असते. लांबून ओढली की कातडी घासते."

"मी पापाबद्दल बोलतोय."

"ते त्यांनी नीट वाचलेलं नाही." ती सिरिंज धुवायला उठली. पेज द्यायची होती. आधी कूस, मग पेज, आणि पेजेनंतर अर्धा तास डोकं उंच. हा क्रम उलटा केला तर पेज छातीत जाते. "जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं दोन्ही उत्तरं नाकारली. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही तेच. ती माणसं इतरांपेक्षा पापी नव्हती, असं स्वच्छ सांगितलं."

"मग बुरूज का कोसळला, ते सांगितलं का?"

"नाही."

"तिथंच तर सगळं अडतं, आत्या. दोन हजार वर्षं लोक विचारतायत 'का', आणि तुमचं पुस्तक नेमकं त्या पानावर विषय बदलतं."

"बदलतं," ती म्हणाली. "पण तुझं पाप नव्हे, एवढं ज्याला कळलं त्याचं अर्धं ओझं उतरतं. वॉर्डात मी किती आया पाहिल्या, पोर तापानं फणफणतंय आणि त्या गेल्या जन्माचा, गेल्या महिन्याचा, गेल्या अमावस्येचा हिशेब करत बसलेल्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या सारख्या."

"आणि उरलेलं अर्धं?"

"उरलेलं तुझं रसायनशास्त्र. बीपीच्या गोळ्या विसरायचे आणि कैरीचं लोणचं मात्र विसरायचे नाहीत. मी नर्स आहे, मला का माहीत नाही?"

हे मला अपेक्षित नव्हतं. श्रद्धाळू माणसाशी वाद घालताना आपण एक चित्र मनात धरून बसतो, आणि समोरचा त्या चित्रात मावला नाही की आपलीच पंचाईत होते. मी बाजू बदलली.

"पण मंडळीतले सगळे तसं म्हणत नाहीत. कुणी म्हणतं परीक्षा आहे, कुणी म्हणतं देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच..."

"ईयोबाचे मित्र," आत्यानं वाक्य तोडलं. "त्याची पोरंबाळं मेली, अंगभर फोडं आली, तेव्हा ते तिघं आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. सात दिवस नीट वागले बघ. मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तू असं केलं असशील, तू तसं केलं असशील, देव अन्याय करत नाही. शेवटी देव रागावला तो त्या तिघांवर. ईयोब इतकं तोंडाला येईल ते बोलला होता, त्याच्यावर नाही."

मग तिनं मला एका रिक्षावाल्याबद्दल सांगितलं. मंडळीतलाच आहे, मागच्या बाकावर बसणारा. दर रविवारी उपासना सुटली की रिक्षा दारात लावतो, मामांची दाढी करतो, नखं कापतो आणि जातो. प्रार्थना करू का, असं त्यानं तीन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. पहिल्या रविवारी आत्यानंच विचारलं होतं, करतोस का प्रार्थना? तर म्हणाला, मला येत नाही, ब्लेड नवं आहे का?

बाराची कूस झाली. झोप दोघांचीही उडाली होती. आत्यानं चहा टाकला, आणि मी जरा लांबून सुरुवात केली, आमच्या घराण्यापासून. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ मध्ये. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले १९०० च्या दुष्काळात. जातीनं महार. म्हणजे या श्रद्धेचं मूळ भुकेत आहे, हे मी तिला शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं.

"सौम्यपणे कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "भूक लागली होती. भाकरी कुणी दिली हे त्यांनी लक्षात ठेवलं. ज्या गावात चावडीच्या पायरीवर बसू देत नव्हते, त्या गावात पोराला बाकावर बसवून पाटी दिली. यात लाजायचं कुणी?"

"लाज नाही, हिशेब म्हणतोय मी. त्या धर्मानं दिलं तेवढंच नेलंही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आपण अजून बाहेर. जात सोडली असं सरकारला वाटतं, गावाला वाटत नाही. बाबांची नोकरी जातीच्या एका दाखल्यावर अडली होती."

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. हे तिच्या भावाबद्दल होतं. "त्यानं दाखला बदलून घ्यायला नकार दिला," ती म्हणाली. "तुझ्या चुलत्यानं बदलून घेतला. कागदावर एक नाव, चर्चच्या रजिस्टरात दुसरं. दोघंही माझे भाऊच. कुणाची श्रद्धा मोठी, ते मला विचारू नकोस. एकाची पोरं उपाशी झोपली, दुसऱ्याला झोप लागायची नाही."

या मुद्द्यावर आम्ही दोघं एकाच बाजूला होतो, म्हणून मी तो तिथंच सोडला. पण भुकेचा विषय निघाला होता, तेव्हा पंडिता रमाबाई आल्याच. आमच्या घरांत त्यांचं नाव निघाल्याशिवाय वाद पूर्ण होत नाही.

"तूच बघ," मी म्हणालो, "१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील गेले, आई गेली, बहीण गेली. शास्त्री घराणं. व्रतं केली, दानं दिली, तीर्थं केली. काही उपयोग झाला नाही. रमाबाईंचा त्या देवांवरचा विश्वास उडाला तो तिथं. मला सांग, तेच कुटुंब ख्रिस्ती असतं, तेवढीच प्रार्थना येशूची केली असती, तर जगलं असतं?"

"नसतं."

"मग?"

"मग काय? पाऊस पडला नसता. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई ख्रिस्ती होऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती. प्रार्थना करून धान्य पाडलं का तिनं आभाळातून? स्वतः गेली, शेकडो मुली गोळा केल्या, घेऊन आली. त्यातूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं."

"तिला भूक माहीत होती, हे कारण त्याला पुरेसं आहे. ख्रिस्त मध्ये आणायची गरज नाही."

"भूक पुष्कळांना माहीत असते, बाबू. माझ्या वॉर्डात गरिबीतून वर आलेले डॉक्टर होते. काही जण गरिबाच्या पायाशी बसायचे, काही जण नाकाला रुमाल लावायचे. भूक दोघांनाही तीच शिकवून गेली होती ना?"

हे उत्तर चांगलं होतं, पण पुरं नव्हतं, आणि मी ते सोडलं नाही. शेजारच्या घरातलं उदाहरण माझ्या हाताशी होतं. तिथल्या बाईंचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, जन्मतःच हातपाय वळलेले. ती बाई देवळात जात नाही, उपास करत नाही, देवाचा विषय निघाला की उठून जाते. मुलाचं सगळं करते. एकोणीस वर्षं, आत्याच्या तीन वर्षांच्या सहापटीहून जास्त.

"माझ्याहून चांगलं करते," आत्या लगेच म्हणाली. "मी तिच्याकडून दोन गोष्टी शिकलेय. टाचेखालची उशी तिचीच युक्ती."

"मग तुझ्या येशूनं यात भर काय घातली?"

"तिला काय लागतं ते तिला विचार. मला भांडायला कुणीतरी लागतं."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"खरं सांगते. यांच्यावर रागावता येत नाही, ऐकू येतं की नाही तेही कळत नाही. पोरगी दुबईत, तिच्यावर ओरडले तर ती तिकडे रडत बसेल. डॉक्टरवर काय ओरडायचं, त्यानं केलं ते बरोबर केलं. मग मी इथं मोरीत उभी राहून सिरिंज धुताना येशूवर ओरडते. सभ्य भाषेत नाही ओरडत. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. बाकीची रडगाणी शेवटी वळतात, कुठंतरी आभार येतात, आशा येते. हे वळत नाही, अंधारातच संपतं. लहानपणी ते कुणी पाठ करायला दिलं नाही आम्हाला. पण ते पुस्तकातून कुणी काढलंही नाही. ज्यांनी ते ठेवलं त्यांना माहीत होतं, कधीतरी एखादी बाई रात्री दोन वाजता एवढंच म्हणू शकेल."

"रिकाम्या खोलीतही भांडता येतं, आत्या."

"रिकाम्या खोलीत माणूस महिनाभर भांडेल, मग कंटाळेल."

"नाही कंटाळत. माणसं मेलेल्या आईशी तीस-तीस वर्षं भांडतात."

तिनं कप खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. "तेही खरं आहे." आणि पुढं काहीच बोलली नाही. माझा मुद्दा बिनतोड होता, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. भिंतीवर उपासना-संगीताचं जुनं पुस्तक खिळ्याला पिशवीत टांगलं होतं. मामा त्यातली रेव्हरंड टिळकांची पदं पेटीवर वाजवायचे. शेजारीच मोबाइलवर आत्यानं बारीक आवाजात एक भजन लावून ठेवलं होतं, रोज रात्री लावते. मामांच्या उजव्या हाताचं एक बोट गादीवर हललं. पुन्हा हललं. मी आत्याकडे पाहिलं.

"स्पॅझम आहे," ती म्हणाली. "ताल नाही. एकतीस वर्षं नातेवाइकांना मीच सांगत आले, आता मला कोण सांगणार?"

"मग भजन का लावतेस?"

"मला ऐकायचं असतं."

दोनची कूस आम्ही दोघांनी मिळून केली. गुडघ्यांमध्ये उशी, पाठीशी लोड, नळी मोकळी, कॅथेटरची पिशवी पलंगाच्या खालच्या बाजूला. मग मी तो प्रश्न विचारला जो मला पहिल्या रात्रीपासून विचारायचा होता. प्रश्न देवाबद्दल नव्हता.

"तू आडवी असतीस, तर मामांनी तुझी कूस बदलली असती?"

ती इतकी हसली की मामांनी डोळे उघडले. "पहिल्या आठवड्यात सोअर," ती म्हणाली. "प्रेम फार होतं रे. पण गजर ऐकू यायचा नाही त्यांना."

"मग हे सगळं म्हणजे बाईच्या गळ्यात पडलेलं काम नाही का? त्याला सेवा म्हणायचं, क्रूस उचलणं म्हणायचं, आणि चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं करायचं. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. ती लहान पोर घेऊन मागं. काही वर्षांनी ती आपल्या पायानं आली, हे ठीक. पण १९१९ मध्ये टिळक गेले, ख्रिस्तायन हे महाकाव्य अर्धवट ठेवून. पूर्ण कुणी करायचं? जिला धड शाळा मिळाली नव्हती तिनं. नवऱ्यानं दहा-अकरा अध्याय लिहिले, तिनं साठाच्या वर. नाव मात्र टिळकांच्या ख्रिस्तायनाचं."

आत्यानं यावर वाद घातला नाही. मामांच्या कानामागचा घाम पुसत राहिली. मग म्हणाली, "हे मी विचारलंय."

"कुणाला?"

"मोरीत. उत्तर आलेलं नाही." थोड्या वेळानं स्वतःच बोलली, "लक्ष्मीबाईनं लिहायला घेतलं तेव्हा तिला काय वाटलं असेल, मी पुष्कळदा विचार करते. तुम्ही शिकलेले लोक म्हणाल, तिला दुःखातून अर्थ सापडला. मला तसं वाटत नाही. अर्थ हा शब्दच मला जड जातो. तिला समोर अर्धी वही दिसली असेल, आणि ती बंद करून ठेवणं जमलं नसेल. त्यात अन्याय नव्हता असं मी म्हणत नाही. पण लिहिता लिहिता ते तिचं झालं, हेही कुणी तिच्याकडून काढून घेऊ नये. तूसुद्धा."

मी गप्प बसलो. ती पुन्हा चहा टाकायला गेली आणि आतूनच बोलू लागली, भांड्यांच्या आवाजातून. "अरे, उठून आल्यावर येशूनं एकदा काय केलं माहीत आहे ना? पहाटे किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव करून मासे भाजत बसला. शिष्यांनी रात्रभर जाळं टाकलं होतं, हाती काही लागलं नव्हतं. त्यांना जेवायला बोलावलं. मेला कसा, उठला कसा, त्यांना सोडून का गेला, कुणी काही विचारलं नाही म्हणे. भूक लागली होती, खाल्लं. मला ती गोष्ट पुरते. तुला नाही पुरणार, माहीत आहे."

"नाही पुरत," मी म्हणालो. "मला विस्तव कुणी पेटवला त्यात रस आहे."

"मग तू मासे गार होईपर्यंत बस."

मागच्या महिन्यात पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले होते, ते तिनं यानंतर सांगितलं. मामांना गिळता येत नाही, भाकरीचा कण घशात गेला तर थेट फुप्फुसात. पाळकसाहेबांना वाटत होतं, एवढासा तुकडा तर आहे. आत्यानं तो ओठांपर्यंतसुद्धा जाऊ दिला नाही. शेवटी द्राक्षरसात कापसाचा बोळा बुडवून तिनं तो मामांच्या ओठांवरून फिरवला आणि लगेच कोरड्या कापसानं टिपून घेतला.

"त्याचा उपयोग काय?" मी विचारलं. खोचकपणे नव्हे, खरंच विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. "या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत जे होतं ते सगळं उपयोगाचंच असतं. नळी, गोळी, पावडर, पिशवी. महिन्यातून एकदा यांच्या तोंडाला उपयोग नसलेलं काहीतरी लागलं."

त्यानंतर ती आरामखुर्चीत टेकली आणि दोन मिनिटांत झोपली. नर्सांची झोप अशीच असते, दिवा घालवल्यासारखी. मी एकटा जागा राहिलो. तिच्या बोलण्यातलं काय पटलं आणि काय नाही, याची मनात मांडणी करत होतो. रिकाम्या खोलीचा माझा मुद्दा मला अजूनही बरोबर वाटत होता. पोरीवर, डॉक्टरवर, आजाऱ्यावर काढायचा राग ती भलतीकडेच काढते आणि कोरड्या हातांनी परत येते, एवढं मात्र मी तीन रात्री डोळ्यांनी पाहिलं होतं. यावरून कुणी तिथं आहे असं सिद्ध होत नाही. माझ्या विषयात याला पुरावा म्हणत नाहीत.

चारचा गजर वाजण्याआधीच मी बंद केला. तिला उठवायचं नाही असं ठरवलं होतं. चादरीची कड गुंडाळली, मूठ अंगाजवळ धरली आणि मामांना सावकाश माझ्याकडे वळवलं. ते वाटलं होतं त्यापेक्षा हलके होते. पाठीशी लोड, गुडघ्यांमध्ये उशी, नळी पाहिली, पिशवी पाहिली. मामांचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे होते की भिंतीकडे, सांगता येत नव्हतं. मी पांघरूण वर घेतलं आणि दिवा बारीक करायला वळलो.

"टाच," खुर्चीतून आवाज आला. तिचे डोळे मिटलेलेच होते.